वादळाचा इशारा व विश्वासणाऱ्याचें कर्तव्य

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २७

समुद्रकांठच्या मंडळ्यांत पुष्कळदां असा प्रश्न निघतो कीं, देव आपला राखणारा असतां वादळाची बातमी ऐकून घर सोडणें हें अविश्वासाचें लक्षण नव्हे काय? हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. त्याच्या उत्तरावर कित्येकांचे प्राण अवलंबून असतात. म्हणून प्रथम चक्रीवादळ म्हणजे काय हें समजून घेऊं, आणि मग शास्त्र काय शिकवितें तें पाहूं.

१. वादळ कसें होतें

समुद्राचें वरचें पाणी सुमारें २७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापलें म्हणजे त्याची पुष्कळ वाफ होऊन ती वर चढते. उंचावर ती थंड होऊन ढग बनतात, व त्या वेळीं जी उष्णता बाहेर पडते तिच्या योगानें हवा आणखी वर जाऊं लागते. खालीं हवेचा दाब कमी होतो, आणि ती उणीव भरून काढण्यास चोहोंकडून वारे धांवून येतात. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें हे वारे सरळ न येतां वळतात व त्यांचा भोंवरा होतो. अमेरिकेच्या बाजूस ह्यालाच हरिकेन व चीन-जपानकडे टायफून म्हणतात. आपल्या समुद्रांत हीं वादळें विशेषेंकरून पावसाळ्याच्या तोंडीं व पावसाळा सरल्यावर होतात.

भोंवऱ्याच्या मध्यास 'डोळा' म्हणतात. तेथें वारा पडतो; कधीं कधीं आकाशही मोकळें दिसतें. अजाण मनुष्य 'वादळ सरलें' असें म्हणून बाहेर पडतो. थोड्या वेळानें वारा उलट दिशेनें तशाच जोरानें येतो, आणि पहिल्या तडाख्यांत खिळखिळीं झालेलीं घरें व झाडें पाडतो.

२. प्राण कशानें जातात

लोक वाऱ्यास भितात. परंतु मोठ्या वादळांत बहुतेक प्राण पाण्यानें गेले आहेत. वारा समुद्राचें पाणी किनाऱ्याकडे लोटतो, आणि किनारा उथळ असल्यास तें फुगून गांवांत शिरतें. त्याच वेळीं भरती असली तर अनर्थ वाढतो. एक घनमीटर पाण्याचें वजन एक हजार किलो असतें. असें पाणी वेगानें आलें म्हणजे मातीची भिंत टिकत नाहीं व पोहणाराही टिकत नाहीं.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजीं ओडिशांत पारादीपजवळ महाचक्रीवादळ आलें. वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें २६० किलोमीटर होता. समुद्र आंत शिरला व जवळजवळ दहा हजार माणसें मेलीं; एरसमाच्या सखल भागांत तर फारच मोठी हानि झाली. पुढें १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं त्याच प्रांतांत गोपाळपूरजवळ 'फायलिन' नांवाचें अति तीव्र वादळ आलें. घरें पडलीं, शेतें बुडालीं. परंतु मृतांची संख्या शंभरापर्यंतही गेली नाहीं. मधल्या वर्षांत किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले होते, लोकांस शिकविलें होतें, आणि वादळ येण्यापूर्वींच सुमारें दहा लक्ष लोकांस सुरक्षित स्थळीं नेलें होतें.

आपल्याकडे ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें. श्रीवर्धन व मुरूडकडील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्याचा वारा-पाऊस घाटावर पुणें व नाशिक जिल्ह्यांतही पोंचला. म्हणून घाटावरच्या मंडळ्यांनींही हा पाठ आपला नाहीं असें समजूं नये.

३. पौलाचें तारूं

क्रेत बेटांतील सुंदर बंदर येथें पौलानें पुढें न जाण्याविषयीं सूचना दिली. शताधिपतीनें तांडेलाचें व तारवाच्या धन्याचें ऐकलें. मग दक्षिणेचा मंद वारा सुटला, आणि सर्वांस वाटलें, आपलेंच खरें. इशारा बहुधा असाच चांगल्या हवेंत येतो, म्हणून तो खोटा वाटतो.

पुढें तारूं तुफानांत सांपडलें असतां देवाच्या दूतानें पौलास सांगितलें कीं, कोणाच्याही जिवाचा नाश होणार नाहीं. येथें नीट लक्ष द्यावें. हें वचन मिळाल्यावर पौल हात जोडून स्वस्थ बसला नाहीं. खलाशी होडींतून पळूं लागले तेव्हां, हे तारवांत न राहिले तर तुमचा बचाव होणार नाहीं, असा इशारा त्यानें दिला. त्यानें सर्वांस अन्न खावयास लाविलें. शेवटीं २७६ जण कोणी पोहून, कोणी फळ्यांवर, असे कांठास लागले. देवानें वचन पाळिलें, आणि तें ह्याच साधनांनीं पाळिलें.

४. काय करावें

हवामानखात्याची बातमी रेडिओवर अथवा मोबाईलवर ऐकावी. अफवा पसरवूं नयेत. बंदरावर बावटा लागला असतां होडी पाण्यांत घालूं नये. निघण्याचा हुकूम होतांच दिवसाउजेडीं निघावें. पाणी, कोरडें अन्न, औषधें, विजेरी व महत्त्वाचे कागद बरोबर घ्यावे. वीज व गॅस बंद करावा. गुरांचीं दावीं सोडावीं. आपलें प्रार्थनामंदिर सखल जागीं व कौलारू असेल तर प्रार्थनेसाठींही तेथें जमूं नये. उंचावरील पक्क्या शाळेंत जावें व तेथें प्रार्थना करावी. वारा पडला तरी सरकारी सूचना मिळेपर्यंत बाहेर येऊं नये. नंतर तुटलेल्या तारांस शिवूं नये, सापांपासून सावध रहावें, पाणी उकळून प्यावें. समुद्राचें पाणी शिरलेल्या विहिरीचें पाणी उकळूनही पिण्याजोगें होत नाहीं. संकटांत ११२ ह्या क्रमांकावर फोन करावा.

उपदेशकानें गांवांतील वृद्ध, आजारी, गरोदर व एकट्या स्त्रियांची यादी आधींच करावी, आणि प्रत्येकीसाठीं व प्रत्येकासाठीं एकेक तरुण नेमावा. तीं माणसें मंडळींतील आहेत कीं नाहींत हें विचारूं नये. तसेंच जे मेले ते अधिक पापी होते असें कोणीं म्हणूं नये. शिलोहाच्या बुरुजाविषयीं प्रभूनें दिलेलें उत्तर आठवावें.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. वादळाच्या 'डोळ्यांत' वारा कां पडलेला असतो, व तेव्हां बाहेर कां जाऊं नये?
२. १९९९ व २०१३ ह्या दोन वादळांतील मृतांच्या संख्येंत एवढा फरक कां पडला?
३. वचन मिळालें असतांही पौलानें खलाशांस कां थांबविलें?
४. आपल्या गांवांत सर्वांत उंच व पक्की इमारत कोणती? तिची किल्ली कोणापाशीं असते?