परमेश्वराचा अनुताप
१ शमुवेल, अध्याय १५

या अध्यायांत विचारी वाचकास अडविणारी एक गोष्ट आहे. अकराव्या वचनांत, शौलास राजा केल्याचा आपणांस अनुताप झाला, असें परमेश्वर शमुवेलास कळवितो. एकोणतिसाव्या वचनांत तोच शमुवेल शौलास बजावितो कीं, परमेश्वर मनुष्य नव्हे, तो अनुताप पावत नाहीं. शेवटच्या वचनांत पुनः पहिलेंच विधान येतें. तिन्ही ठिकाणीं मूळ इब्री क्रियापद एकच असल्यामुळें भाषांतरास दोष देऊन सुटका होत नाहीं. मग देवाचा हात, त्याचे नेत्र, त्याचा राग, हें जें शास्त्र वर्णितें तें खरोखर तसें आहे काय?

इ. स. ३९९ च्या सुमारास मिसर देशांत यावरून मोठा वाद झाला. देवास मानवी आकृति आहे या समजुतीचा आलेक्सांद्रियाचा बिशप थेओफिलस यानें पत्र पाठवून निषेध केला. सरापियोन नांवाच्या एका वृद्ध संन्याशास हें पटलें. परंतु पुढें प्रार्थना करितांना त्याच्या मनापुढें कोणीच उभें राहीना. आपला देव आपणांपासून हिरावून नेला, असा आकांत करून तो रडला, असें कासियन लिहितो. पंडितांनीं या म्हाताऱ्याचे अश्रु विसरूं नयेत.

कारण ही वाट दूर जाते. यहूदी पंडित मैमोनिदेस (मृत्यु १२०४) यानें म्हटलें कीं, देव काय नाहीं एवढेंच आपणांस खरेपणानें बोलतां येतें. तो दयाळू आहे याचा अर्थ त्याचीं कृत्यें दयाळू मनुष्याच्या कृत्यांसारखीं दिसतात, इतकाच. हात गेला तर चालेल. दयाही गेली तर प्रार्थना कोणास करावी? थॉमस अक्वायनस यानें तेराव्या शतकांत येथें भेद केला. देवास खडक म्हणणें हा अलंकार होय. पण चांगुलपणा मूळचा देवाचाच, आपणांत त्याचा केवळ अंश आहे.

दाई बाळाशीं बोबडें बोलते तसें देव आपणांशीं बोलतो, असें काल्विन म्हणे. हें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु आई ‘हम्मा आली’ म्हणते तेव्हां दारांत गाय खरोखरच आलेली असते, हें ते विसरतात. बोल बाळाचा, गाय खरी.

आतां शौलाकडे वळूं. पुढचें न कळल्यामुळें मनुष्य पस्तावतो. तो भाग देवास लागू नाहीं. पण शौलाची अवज्ञा त्यास दुःखरूप झाली, हें खरें मानिलें पाहिजे. शौलानें शमुवेलाचा झगा धरिला तरी निर्णय फिरला नाहीं. एकोणतिसावें वचन तेवढ्याविषयींच आहे. याच्या जोडीस होशेयाचा अकरावा अध्याय वाचावा. तेथेंही देव मनुष्य नव्हे असें म्हटलें आहे. मात्र तेथें त्या कारणानें तो आपला संताप आवरितो, आणि एफ्राइमाचा नाश करीत नाहीं.