लॅपटॉपची सॅक आणि मावठ्याचा धडा



पावसाळ्यात दप्तर झाकायची आठवण सर्वांना असते, हिवाळ्यात मात्र आपण गाफील राहतो. ग्वाल्हेरला डिसेंबर-जानेवारीत पश्चिमी विक्षोभामुळे अवचित पाऊस येतो, तोच आपला मावठा. गव्हाला तो मानवतो, पाठीवरच्या लॅपटॉपला नाही.

गेल्या जानेवारीत मी स्वतःच फसले. विश्वस्त मंडळाने शाळेसाठी घेऊन दिलेला लॅपटॉप पाठीवर घेऊन स्कूटरने मुरारहून येत होते. वाटेत पाऊस लागला. सॅकवर ‘वॉटरप्रूफ’ असे ठळक लिहिलेले, म्हणून थांबले नाही. कापडाने पाणी अडवले, पण चेनमधून ते आत शिरून तळाशी साचले. घाबरून मी लॅपटॉप लगेच सुरू करून पाहिला. ही दुसरी चूक. तो बंद पडला तो पडलाच. दहावीच्या सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका त्यातच होत्या, दुसरी प्रत नव्हती. शिक्षकांनी दोन रात्री जागून त्या पुन्हा तयार केल्या. हा धडा सर्वांच्या कामी यावा म्हणून लिहिते आहे.

सॅक घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) कापड : लेबलवर ‘१५०० मि.मी.’ असा आकडा असेल, तर पाण्याचा तेवढा उंच स्तंभ ते कापड पेलते असा अर्थ. हा आकडा फक्त कापडाचा आहे, पूर्ण सॅकचा नाही. सॅक उलटी करून आतला लेप पाहावा. तो सोलवटलेला नसावा.

२) शिवण आणि चेन : सुईच्या प्रत्येक टाक्याला एक छिद्र पडते. चांगल्या सॅकमध्ये शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते. चेनवर कापडाची झडप हवी. तोंड गुंडाळून बंद करायची सॅक सर्वांत सुरक्षित. वरून घालायचे कव्हर उपयोगी आहे, पण ते पाठीकडची बाजू झाकत नाही.

३) आतला कप्पा : लॅपटॉपचा कप्पा सॅकच्या तळापासून दोन-तीन बोटे वर असावा. १५.६ इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप आहे, म्हणून लॅपटॉपची लांबी-रुंदी पट्टीने मोजूनच दुकानात जावे. पाण्याची बाटली बाहेरच्या खिशात ठेवावी. वॉटरप्रूफ सॅकमध्ये आत सांडलेले पाणीही बाहेर जात नाही!

४) वजन : २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. ४५ किलोच्या मुलासाठी साडेचार किलो. त्यात लॅपटॉपच दोन किलोचा असला, तर सॅक हलकीच हवी.

पाऊस नसला तरी एक धोका उरतो. थंडीत गरम चहाचा कप तोंडाशी नेला की चष्मा धुरकटतो. कपातली वाफ थंड काचेवर पाणी होऊन बसते. तसेच बाहेरच्या कडाक्यात गारठलेला लॅपटॉप माणसांनी भरलेल्या उबदार खोलीत उघडला, तर त्यावर दव धरते. हे दव कोणतीही सॅक रोखू शकत नाही. म्हणून आत आल्यावर सॅक अर्धा-एक तास बंदच ठेवावी. लॅपटॉप हळूहळू खोलीइतका गरम झाला की मगच बाहेर काढावा. आणि एवढे करूनही भिजलाच, तर चार्जर लावू नये, सुरू करून पाहू नये, सरळ कारागिराकडे न्यावा.

घरचा प्रयोग : रिकाम्या सॅकमध्ये वर्तमानपत्राचे बोळे भरा. चेन लावून वरून दोन तांबे पाणी सावकाश ओता. दहा मिनिटांनी उघडा. कोणता बोळा ओला झाला, त्यावरून पाणी चेनमधून आले की शिवणीतून, ते वहीत लिहा आणि विज्ञानाच्या तासाला आणा.

पालकांना एक विनंती. महागडी सॅक घेणे जमले नाही तरी चालेल, लॅपटॉप आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी तोंड गुंडाळून साध्या सॅकमध्ये ठेवावी. आणि कामाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून घरी ठेवावी. सॅक कितीही चांगली असो, ही सवय सोडू नये.

आपली,
प्राचार्या