टॉर्क पाना घेताना दुकानदाराचं ऐकू नका

मी स्पष्ट विचारलं होतं, ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट याने आवळता येईल का? "मालक, चाकापासून प्लगपर्यंत सगळ्याला हाच," असं म्हणत त्याने 28 ते 210 न्यूटन-मीटरचा अर्धा इंची पाना काढून दिला. सोबत '4 टक्क्यांच्या आत अचूक' असं छापलेला कागद.

मॅन्युअलमध्ये त्या बोल्टला 35 दिलेत. तेवढ्यावर लावून आवळायला घेतलं. हात सांगतोय बास, पण पाना गप्प. 'टक्' काही होईना. आणि एकाएकी बोल्ट हलका झाला. फिरतोय, नुसता फिरतोय. अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले होते.

दुकानदार म्हणाला, "तुमचा हात जड पडला." अरे, हात जड पडू नये म्हणूनच पैसे मोजले ना! कागदावर पान्याचा नंबरच नाही हे दाखवलं, तर "सगळ्या डब्यांत हाच येतो." जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारं प्रिसिजन कॅमशाफ्ट्स 1992 पासून आपल्या सोलापुरात आहे, आणि इथे मोजमापाचं हत्यार असं अंदाजपंचे विकतात.

आयएसओ 6789 च्या तपासणीत पाना कमाल क्षमतेच्या 20, 60 आणि 100 टक्क्यांवर बघायची पद्धत आहे. 210 चे 20 टक्के म्हणजे 42. त्याखालच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, दांड्यावर काहीही कोरलेलं असो. ड्रेन बोल्ट आणि प्लगला लहान, पाऊण-अर्ध्या इंचाच्या फंदात न पडता 3/8 इंची पाना वेगळा घ्या; मोठा फक्त चाकाच्या नटांना.

घेतल्यावर घरीच तपासा. चौकोनी टोक व्हाइसमध्ये धरून दांडा आडवा ठेवा आणि मुठीच्या मधोमध मोजलेलं 10 किलो वजन टांगा. टोकाच्या मध्यापासून अंतर 40 सेंटिमीटर असेल तर सुमारे 39 न्यूटन-मीटर होतात, पान्याचं स्वतःचं वजन वेगळं. माझा 35 वर लावलेला पाना या वजनालाही वाजला नाही. आता सांगा, हात कुणाचा जड?

बाकी नेहमीचंच: आटे पुसून घ्या, या पान्याने नट सैल करू नका, ठेवताना सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवा. प्रमाणपत्र एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेचं आणि त्यावर तुमच्याच पान्याचा नंबर असलेलं मागा. आणि पक्कं बिल. मागूनही त्याने दिलं नव्हतं. आता विचारतो, बिल कुठंय? अशा दुकानातून स्क्रूड्रायव्हरसुद्धा घेऊ नका.