हाड जिवंत आहे

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जुनी धाब्याची घरे आहेत. घरात लाकडी खांब असतात. खांबांवर तुळया, तुळयांवर मातीचे धाबे. खांब काढले तर काय होईल? धाबे खाली येईल.

शरीराचेही तसेच आहे. हाडे नसती तर माणूस रिकाम्या पोत्यासारखा खाली बसला असता. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडे असतात. सर्वांत लांब हाड मांडीचे. सर्वांत लहान हाड कानाच्या आत, ज्वारीच्या दाण्याएवढे!

हाडे राखणही करतात. डोक्याची कवटी मेंदूला जपते. बरगड्यांच्या १२ जोड्या हृदय आणि फुप्फुसे जपतात. हाडे सांध्यात जोडलेली असतात. स्नायू त्यांना दोरासारखे ओढतात. म्हणून आपण चालतो, वाकतो, कापूस वेचतो.

चिखली तालुक्यातल्या एका खेड्यात एक पोरगा चिंचेवरून पडला. हात कोपराखाली वाकडा झाला. पोरगा ओरडू लागला. आजा धावत आला. म्हणाला, "तेल आणा. मी हात ओढून बसवतो."

तेवढ्यात नर्सबाई आल्या. त्या म्हणाल्या, "ओढू नका, बाबा! हाड मोडलं असन, त ओढल्यानं आतली नस तुटते."

"मंग काय करावं, बाई?"

"हात हलू द्यायचा नाही. बस!"

बाईंनी बांबूच्या दोन पट्ट्या घेतल्या. पट्ट्यांना मऊ कापड गुंडाळले. हात होता तसाच ठेवून पट्ट्या बांधल्या. आवळून बांधल्या नाहीत. बोटे उघडी ठेवली. बोटे गार किंवा निळी पडली, मुंग्या आल्या, तर बांधलेले लगेच सैल करावे. फार आवळले तर रक्त पोचत नाही. हात कायमचा जाऊ शकतो.

मग १०८ नंबरला फोन केला. गाडी आली. पोराला बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. फोटो काढला. प्लास्टर घातले.

आजा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माह्या घराचा मोडका खांब काई जुळला नाही. मंग हाड कसं जुळते जी?"

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, खांबाचं लाकूड मेलेलं असतं. हाड जिवंत असतं. ते आपलं आपणच जुळतं. आम्ही ते फक्त सरळ आणि स्थिर ठेवतो."

होय, हाड जिवंत आहे. हाडाच्या आतल्या मगजात नवे रक्त तयार होते. हाड ही कणगीसुद्धा आहे. तिच्यात कॅल्शियम साठते. शरीराला कमी पडले की ते या कणगीतून काढले जाते. बाई पोटुशी असते, लेकराला पाजते, तेव्हा उपसा जास्त होतो. आणि आपल्या घरी बाईच सर्वांच्या शेवटी जेवते! कणगी भरली नाही, तर उतारवयात साध्या पडण्यानेही हाड मोडते.

म्हणून दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला खावा. अंगावर ऊन घ्यावे. उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होते. त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. आणि घरातल्या बाईचे ताट आधी वाढावे.

प्रश्न
१. हाडांची कोणती कामे तुम्हाला आठवतात?
२. नर्सबाईंनी बोटे उघडी का ठेवली?
३. तुमच्या घरात शेवटी कोण जेवते?