चेहऱ्यावरील पुरळ आणि स्टिरॉइडयुक्त मलम

वांग, मुरुम किंवा साधी खाज. चेहऱ्यावर काही उठले की शेजारीण, नातलग किंवा औषध-विक्रेता एखादी लहानशी ट्यूब सुचवितो. ती लावल्यावर दोन-तीन दिवसांत लाली ओसरते, रंगही उजळल्यासारखा वाटतो. नेमक्या याच गुणामुळे ती महिनोन्‌महिने वापरली जाते.

अशा अनेक मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे स्टिरॉइड असते. ते दाह दाबते. दाहाचे कारण दूर करीत नाही. चेहऱ्याची त्वचा पातळ असल्याने तेथे ते अधिक शोषले जाते. कालांतराने त्वचा आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, गालांवर लव वाढते, उन्हात किंवा चुलीपुढे चेहऱ्याची आग होते. नायट्यावर हेच मलम लावल्यास बुरशी पसरते आणि तिचे रूप इतके बदलते की डॉक्टरांनाही निदान कठीण जाते.

मलम थांबविताच लाली व आग उसळून येते. मग ‘मलमाशिवाय चेहरा बिघडतो’ असे वाटून ट्यूब पुन्हा उघडली जाते. ही मलमाची गरज नव्हे, त्याचाच दुष्परिणाम आहे. अनेक आठवडे वापर झाला असल्यास वापरलेली ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. काही रुग्णांत मलम टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते. त्वचा सावरण्यास आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर चेहरा साध्या पाण्याने धुवावा, सुगंधविरहित साधे मॉइश्चरायझर लावावे, उन्हात छत्री किंवा ओढणी घ्यावी. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा आणि ब्लीच कटाक्षाने टाळावे.

इसबासारख्या आजारात डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलेले स्टिरॉइड उपयुक्तच असते. त्याची धास्ती बाळगू नये. मात्र एकाची चिठ्ठी दुसऱ्यासाठी वापरू नये. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे अनुसूची ‘एच’मध्ये आणली असून ती चिठ्ठीविना विकता येत नाहीत. गोरेपणासाठी म्हणून मिळणाऱ्या ट्यूबवरील घटकांची नावेही वाचावीत.

लहान बालकांना व डोळ्यांभोवती असे मलम स्वतःहून कधीही लावू नये. चेहरा सुजल्यास, पू किंवा ताप आल्यास, डोळा दुखल्यास अथवा दृष्टी अंधुक झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. त्वचारोगतज्ज्ञ जवळ नसल्यास ई-संजीवनी या शासकीय सेवेद्वारे घरूनही डॉक्टरांचा विनामूल्य सल्ला घेता येतो.