चुंबकत्व आणि विद्युत ध्रुवीकरण : स्फटिकांच्या अंतरंगातील एक नाते

अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात स्थिर विद्युत आणि चुंबकत्व ही दोन प्रकरणे वेगवेगळी असतात. विद्युतप्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते हे ओरस्टेडने १८२० मध्ये दाखविले, आणि चुंबक हलविल्यास तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते हे फॅरेडेने १८३१ मध्ये. पण या दोन्ही ठिकाणी काहीतरी वाहावे लागते किंवा हलावे लागते. स्वस्थ पडलेला विद्युतभार शेजारी स्वस्थ पडलेल्या चुंबकाची दखल घेत नाही. परीक्षेत असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्ण गुण मिळतील आणि ते योग्यच आहे. तरीही निसर्गात असे काही स्फटिक आहेत की ज्यांच्या आत हे दोन शेजारी एकमेकांशी बोलतात. स्फटिक चुंबकीय क्षेत्रात ठेवला तर त्याच्या दोन बाजूंवर विद्युतभार प्रकट होतो, आणि विद्युतक्षेत्र लावले तर त्याचे चुंबकत्व बदलते. हे कसे घडते, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम दोन संज्ञा स्पष्ट करून घेऊ. स्फटिकातील धन आयन एका बाजूस व ऋण आयन दुसऱ्या बाजूस किंचित सरकले म्हणजे त्यास विद्युत ध्रुवीकरण म्हणतात. बेरियम टायटनेट या पदार्थात ते आपोआप होते व विद्युतक्षेत्राने त्याची दिशा उलटविता येते. अशा पदार्थास फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. दुसरीकडे, चुंबकीय पदार्थातील प्रत्येक चुंबकीय अणू हा एक लहानसा चुंबक असतो. त्याचे चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे येते. सर्व स्पिन एकाच दिशेस असतील तर तो लोहचुंबक, आणि शेजारी-शेजारी आलटून पालटून वर-खाली असतील तर तो प्रतिलोहचुंबक. प्रतिलोहचुंबकास टाचणी चिकटत नाही, पण आतली रांग लोहचुंबकाइतकीच शिस्तीची असते.

आता मूळ अडचण पाहू. स्फटिकातील प्रत्येक वस्तू एका बिंदूतून पलीकडे, तेवढ्याच अंतरावर नेली अशी कल्पना करा. धन आयन वर सरकलेला असेल तर तो आता खाली सरकलेला दिसेल, म्हणजे ध्रुवीकरण उलटले. पण चुंबक म्हणजे फिरणाऱ्या प्रवाहाचे कडे. या क्रियेत कड्यावरील प्रत्येक बिंदू पलीकडे जातो आणि त्याचा वेगही उलटतो, त्यामुळे फिरण्याची दिशा होती तशीच राहते. याउलट काळाचा चित्रपट उलटा फिरवला तर प्रवाह उलटा वाहील, चुंबक उलटेल, पण जागेवर बसलेल्या भारांस काहीच होणार नाही. थोडक्यात, दोघे वेगवेगळ्या कायद्यांस बांधलेले आहेत. त्यांचा थेट संबंध जुळायचा तर स्फटिकाच्या आत या दोन्ही सममिती एकदमच मोडलेल्या असल्या पाहिजेत. स्फटिकाच्या सममितीवरून असा संबंध शक्य आहे, हे पिएर क्यूरी यांनी १८९४ मध्येच सुचविले होते. नेमका पदार्थ सापडायला मात्र साठ-पासष्ट वर्षे जावी लागली.

१९५९ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ झ्यालोशिन्स्की यांनी केवळ सममितीच्या गणितावरून सांगितले की क्रोमियम ऑक्साइडमध्ये हा परिणाम दिसलाच पाहिजे. हा तोच हिरवा पदार्थ, जो रंगांमध्ये वापरतात. १९६० मध्ये अ‍ॅस्ट्रॉव्ह यांनी त्यास विद्युतक्षेत्र लावून चुंबकत्व मोजले, आणि लगेच १९६१ मध्ये अमेरिकेत चुंबकीय क्षेत्राने ध्रुवीकरण झाल्याचे मोजले गेले. या स्फटिकातील अणूंची जागा सममितच आहे. सममिती मोडतात ते स्पिन, कारण मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंस समान जागी बसलेल्या क्रोमियम अणूंचे स्पिन एकमेकांविरुद्ध असतात. अणू बदलले नाहीत, जागा बदलल्या नाहीत. फक्त कोण कोणाकडे तोंड करून उभा आहे एवढ्यावरून विजेचा दरवाजा उघडला. परिणाम अगदी लहान असतो, आणि सुमारे ३०७ केल्व्हिन म्हणजे ३४ अंश सेल्सियसच्या वर स्पिनांची ही शिस्त मोडते. म्हणजे अकोला-नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी हा गुण नाहीसा होईल!

यापुढील प्रश्न असा की, ज्यात ध्रुवीकरण आणि चुंबकीय रचना दोन्ही आपोआप असतात असे पदार्थ इतके दुर्मिळ का? (अशा पदार्थांस मल्टिफेरॉइक हे नाव हान्स श्मिड यांनी १९९४ मध्ये दिले.) २००० साली निकोला हिल, ज्या पुढे स्पॅल्डिन या नावाने प्रसिद्ध झाल्या, यांनी याचे उत्तर दिले. बेरियम टायटनेटमधील टायटॅनियमची डी-कक्षा रिकामी असते, म्हणूनच तो ऑक्सिजनशी बंध जुळवून मध्यापासून सरकतो. पण चुंबकत्वासाठी तीच कक्षा अर्धवट भरलेली लागते. जी रिकामी हवी तीच भरलेली हवी, असा हा पेच आहे. बिस्मथ फेराइटमध्ये दोन वेगळ्या अणूंनी कामे वाटून घेतल्यामुळे हा पेच सुटतो. बिस्मथ सरकतो आणि लोह चुंबकत्व सांभाळते. मात्र कामे वेगळी असली की नातेही सैल राहते.

खरी नवलाई २००३ मध्ये जपानमध्ये किमुरा, तोकुरा व सहकाऱ्यांनी टर्बियम मँगनाइटमध्ये दाखविली. येथे विद्यार्थ्यांनी थोडे थांबून विचार करावा. या स्फटिकात प्रत्येक मँगनीज अणूस शेजाऱ्याशी समांतर राहायचे असते, पण त्याच वेळी एक सोडून पलीकडच्याशी विरुद्धही राहायचे असते. दोघांचेही मन राखणे शक्य नाही. म्हणून सुमारे ४१ केल्व्हिनच्या खाली स्पिन एकाच रेषेत राहून लाटेप्रमाणे लहान-मोठे होतात. ही लाट मध्यबिंदूतून पलीकडे नेली तरी पुन्हा तशीच दिसते, त्यामुळे चुंबकीय शिस्त असूनही ध्रुवीकरण शून्य. तापमान आणखी उतरवून सुमारे २८ केल्व्हिनवर आणले की स्पिन गिरकी घेऊ लागतात. रस्त्याने जाणाऱ्या सायकलच्या चाकाचा एक आरा डोळ्यांसमोर आणा. अणूगणिक पुढे जावे तसा स्पिन त्या आऱ्यासारखा फिरत जातो. या गिरकीस उजवी-डावी अशी बाजू असते आणि मध्यबिंदूची क्रिया केली की उजवीची डावी होते. बरोबर त्याच तापमानास विद्युत ध्रुवीकरण प्रकट होते!

त्यामागची यंत्रणा २००५ मध्ये कात्सुरा, नागाओसा व बालात्स्की यांनी मांडली. दोन शेजारी स्पिन एकमेकांशी तिरपे उभे राहिले की इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याचे कक्षीय भ्रमण यांच्या संबंधामुळे विद्युतभार एका बाजूस झुकतो. झुकण्याची दिशा दोन गोष्टींना लंब असते : अणूंना जोडणारी रेषा आणि स्पिन ज्या अक्षाभोवती वळतात तो अक्ष. म्हणून चाकासारख्या गिरकीत ध्रुवीकरण मिळते. पण स्पिन स्क्रूच्या आट्यांप्रमाणे पुढे जाण्याच्या रेषेभोवतीच वळत असतील तर या नियमानुसार काहीच मिळत नाही. सदिश गुणाकार शिकलेल्यांनी हे कागदावर करून पाहावे, दोन ओळींचे काम आहे. गिरकी उलटी केली की ध्रुवीकरणाचे चिन्हही उलटते. २००७ मध्ये ध्रुवित न्यूट्रॉनांच्या साहाय्याने याची उलट बाजूही पाहण्यात आली, म्हणजे विद्युतक्षेत्राची दिशा बदलून गिरकीची बाजू बदलता आली. तसेच काही टेस्लांचे चुंबकीय क्षेत्र लावले तर ध्रुवीकरण एका अक्षावरून काटकोनात दुसऱ्या अक्षावर जाऊन बसते.

स्पिन असे तिरपे उभे आहेत हे कळते कसे? न्यूट्रॉनला स्वतःचे चुंबकत्व असल्यामुळे तो स्फटिकातून विखुरताना स्पिनांची रचना सांगतो. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राची ध्रुव अणुभट्टी १९८५ मध्ये कार्यान्वित झाली. तिच्या न्यूट्रॉन झोतांवर आपल्या विद्यापीठांतील संशोधकांनीही अनेक चुंबकीय पदार्थ तपासले आहेत.

परंतु टर्बियम मँगनाइटचे ध्रुवीकरण बेरियम टायटनेटच्या सुमारे तीनशेव्या हिश्शाएवढेच आहे, शिवाय त्यासाठी द्रवरूप हेलियमची थंडी लागते. नाते घट्ट तेथे ध्रुवीकरण अल्प; ध्रुवीकरण भरपूर तेथे नाते सैल. माझ्या मते या विषयाची सारी धडपड या एका ओढाताणीत आली.

व्यवहारी मार्ग दोन पदार्थ एकत्र करण्याचा. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, कारण त्याचा गाभा चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्म लांब-आखूड होतो. स्वयंपाकघरातील गॅस लायटरमध्ये स्फटिकावर आघात होऊन ठिणगी पडते. पहिल्या प्रकारचा फेराइट व दुसऱ्या प्रकारचा बेरियम टायटनेट एकत्र भाजून घट्ट जोडले, की चुंबकीय क्षेत्राने फेराइट ताणतो, तो ताण शेजाऱ्यास मिळतो आणि व्होल्टेज येते. अशा संमिश्रांवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही काम झाले आहे.

हे सर्व कशासाठी, असे कोणी विचारील. चुंबकीय स्मृतीत माहिती लिहिण्यासाठी विद्युतप्रवाह लागतो आणि प्रवाह म्हटला की उष्णता आली. केवळ व्होल्टेजने चुंबक उलटविता आला तर ती ऊर्जा पुष्कळ वाचेल. २०१४ मध्ये रामामूर्ती रमेश यांच्या गटाने बिस्मथ फेराइटच्या पातळ थरावर ठेवलेल्या चुंबकीय थराची दिशा नेहमीच्या तापमानास व्होल्टेजने उलटवून दाखविली. गिरकीवाल्या पदार्थांतही तापमान वर सरकत आहे. साध्या काळ्या कॉपर ऑक्साइडमध्ये सुमारे २३० केल्व्हिनपर्यंत, तर २०१० मध्ये स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट व लोह यांच्या एका षट्कोनी फेराइटमध्ये खोलीच्या तापमानास आणि अगदी लहान चुंबकीय क्षेत्रात हा परिणाम दिसला. त्यातील अडचण आता वेगळीच आहे. असे फेराइट चांगले विद्युतरोधक नसतात, आणि भार दोन बाजूंस जमला तरी आतून हळूहळू गळून जातो.