टोच पडली, पिल्लू अडलं : सोलायचं की थांबायचं?

होळी झाली की दुसरबीड, किनगाव राजा, मलकापूर पांग्रा या पट्ट्यात दुपारची हवा झपाट्याने कोरडी होते. चैत्रात पारा चाळिशीच्या वर आणि दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर. गावरान कोंबडीची अंडी उबवणाऱ्यांच्या तक्रारी याच दिवसांत वाढतात. एकविसावा दिवस उजाडतो, अंड्याला टोच पडलेली असते, आतून चिवचिव ऐकू येते, पण पिल्लू काही बाहेर येत नाही. मग घरातलं कोणीतरी कनवाळूपणे नखाने टरफल सोलायला बसतं. अशी बरीच पिल्लं अशक्तपणाने मरत नाहीत, या घाईने मरतात.

टोच पडली म्हणजे पिल्लू तयार झालं, ही समजूत आधी काढून टाकावी. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू चोचीने आतला पापुद्रा फोडतं आणि रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत पहिला श्वास घेतं. तोवर त्याचा श्वास कवचालगतच्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांतून चाललेला असतो. पोकळीतली हवा अपुरी पडायला लागली की ते कवचाला टोच मारतं आणि मग थांबतं. हे थांबणं बारा तासांचं असू शकतं, अठरा तासांचंही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, पिल्लू दमलं. आत मात्र महत्त्वाचं काम चालू असतं. पापुद्र्यातलं रक्त अंगात ओढलं जातं आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात जातो. हे झालं की पिल्लू स्वतःभोवती फिरत कवच गोल कापतं, आणि मग काही तासांत बाहेर येतं. मधल्या विश्रांतीत टरफल सोललं तर पापुद्रा फाटतो, रक्त वाहतं, बलक बाहेर लोंबकळतो. असं पिल्लू क्वचितच वाचतं.

म्हणून पहिलं साधन पेन्सिल. टोच दिसताक्षणी कवचावर वेळ लिहावी. अंदाजाने ‘कालपासून अडलंय’ म्हणणाऱ्याचं ‘काल’ बहुतेक वेळा सहा तासांचं निघतं. टोच पडून चोवीस तास झाले नसतील, तर हात लावू नये. चोवीस तास उलटले, बरोबरची पिल्लं निघून वाळली आणि या अंड्यात काहीच पुढे सरकलं नाही, तर तपासायला घ्यावं. कवच गोल कापायला सुरुवात करून पिल्लू तीन-चार तास अडलं असेल आणि कडेचा पापुद्रा तपकिरी, चिवट दिसत असेल, तर इतकं थांबायचं कारण नाही. तिथे पिल्लू तयार आहे. वाळलेल्या पापुद्र्याने त्याला जखडून ठेवलं आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अडलेल्या पिल्लांचं हेच मोठं कारण.

तपासणी अशी करावी. हात धुवावेत, खोलीतला पंखा बंद करावा. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा पापुद्र्यावर हलकेच फिरवावा, मात्र नाकपुड्यांवर पाणी जाऊ देऊ नये. ओला झाला की पापुद्रा थोडा पारदर्शक होतो. त्यात लाल, भरलेल्या शिरा दिसल्या तर अंडं मुकाट परत ठेवावं. चार-सहा तासांनी पुन्हा पाहता येईल. शिरा दिसत नसतील तर टोचेपासून रुंद टोकाच्या बाजूने टरफलाचे बारीक कपचे चिमट्याने काढावेत. पापुद्रा सोडवावा तो चोचीजवळून, थोडाथोडा. रक्ताचा एक ठिपका जरी दिसला तरी तिथेच थांबायचं, कोरड्या स्वच्छ कापसाने हलकेच दाबायचं आणि अंडं उबेत परत ठेवायचं. डोकं मोकळं झालं की आपलं काम संपलं. मागचा भाग कवचातच राहू द्यावा, पिल्लू स्वतः लाथ मारून निघेल. ओढून बाहेर काढण्याइतकी वाईट मदत दुसरी नाही, कारण बेंबीचं काम शेवटपर्यंत चालू असतं.

टोच निमुळत्या टोकाकडे असेल तर पिल्लू आत उलटं आहे. तिथे हवेची पोकळी नसते, श्वासाची अडचण असते. टोचेचं भोक बुजलेलं नाही एवढं पाहावं आणि शिरा आटेपर्यंत वाट पाहावी. यातली काही पिल्लं आपली आपण निघतात. टोचच पडली नसेल तर अंधारात बॅटरी लावून पाहावं. पोकळीत चोचीची सावली हलताना दिसली आणि त्यालाही चोवीस तास होऊन गेले असतील, तर पोकळीच्या माथ्यावर टाचणीएवढं भोक पाडणं पुरे. हालचाल नाही, आवाज नाही, वास येतो, असं अंडं टाकून द्यावं.

आता मशीनवाल्यांसाठी. घरगुती इनक्युबेटरचं झाकण एकदा उघडलं की आतली ओल चैत्राच्या हवेत क्षणात उडते. एका पिल्लाला मदत करायला तुम्ही झाकण पाच वेळा उघडता, आणि टोच पडलेल्या बाकीच्या अंड्यांचे पापुद्रे पापडासारखे वाळतात. एक वाचवताना दुसरी अडकतात, मग त्यांनाही सोलावं लागतं. शक्यतो बहुतेक पिल्लं निघाल्यावरच मागे राहिलेल्यांकडे वळावं. निघालेल्या पिल्लांना बाहेर काढायचीही घाई नको. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस दाण्या-पाण्याशिवाय राहतात.

खरी मदत अठराव्या दिवशी करायची असते. त्या दिवशी अंडी फिरवणं बंद करावं आणि पाण्याचं ताट भरून, हवं तर ओला स्पंज ठेवून आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर न्यावी. त्याआधीचे अठरा दिवस मात्र ती 50 ते 55 टक्केच बरी. सुरुवातीपासूनच पाणी ओतत राहिलं तर पिल्लू चिकट, फुगलेलं होतं आणि आतच गुदमरतं. सोनारी काटा मिळाला तर पडताळा सोपा आहे: 40 ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी साधारण 35 ग्रॅम भरावं. तापमान पंख्याच्या मशीनमध्ये 37.5 अंश आणि बिनपंख्याच्या पेटीत, अंड्याच्या माथ्याला मोजून, 38.5 अंशांच्या आसपास असावं. वीज गेली तर पेटीवर गोधडी टाका, पण हवेची भोकं झाकू नका. शेवटच्या तीन दिवसांत पिल्लांना हवा जास्त लागते.

खुडूक कोंबडी हे सगळं आपल्यापेक्षा चांगलं सांभाळते. टोपल्याच्या तळाशी ओलसर माती, वर भुसा, आणि उन्हाळ्यात दहा-बारापेक्षा जास्त अंडी नकोत. वनराजा किंवा गिरीराजाची अंडी उबवायची असतील तर ती गावरान कोंबडीखालीच ठेवावीत, त्या सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत. कडकनाथचाही बसण्यावर भरवसा धरू नये. एकविसाव्या दिवशी कोंबडीला सारखं उठवू नका. मात्र पहिली पिल्लं घेऊन ती टोपल्यातून उतरली, की मागची टोच पडलेली अंडी लगेच उबदार जागी हलवावी लागतात.

बरंचसं अडणं तर अंडी बसवण्याआधीच ठरून गेलेलं असतं. पत्र्याच्या घरात आठवडाभर साठवलेल्या अंड्यांत गर्भ उकाड्यानेच थोडा वाढू लागतो आणि कमकुवत होतो, मग पिल्लं मागेपुढे निघतात. अंडी दिवसातून दोनदा गोळा करून माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवावीत आणि चार-पाच दिवसांत बसवावीत.

मदतीने निघालेल्या पिल्लाच्या बेंबीला आयोडीन लावावं, फाकलेले पाय मऊ पट्टीने जोडून दोन दिवस ठेवावेत आणि ओळखीसाठी पायात रंगीत दोरा बांधावा. मानमोडीची लासोटा लस त्यालाही इतरांबरोबर पाचव्या ते सातव्या दिवशी द्यावी. मोठं झाल्यावर ते विकावं किंवा खावं. पैदाशीला ठेवू नये, कारण अडण्याचा दोष पिढीत उतरू शकतो. आणि एका खेपेत तीन-चारपेक्षा जास्त अंडी सोलावी लागली, तर पुढची खेप लावण्याआधी मशीनचा थर्मामीटर तापाच्या थर्मामीटरशी लावून पाहावा.